जनसंपर्काचा प्रोजेक्ट: पोस्टर सगळ्यात शेवटी

जनसंपर्क रणनीतीचा प्रोजेक्ट मिळाला की आपण आधी पोस्टर करायला बसतो. जळगावला विद्यापीठात शिकताना मीही तेच केलं. अमळनेर तालुक्यातलं एक गाव, विषय ओला-सुका कचरा. उद्दिष्टात लिहिलं ‘जनजागृती करणे’ आणि बारा पोस्टर घेऊन गावात गेले. एका मावशींनी दारामागच्या दोन बादल्या दाखवल्या. एकीत मेथीची देठं, दुसरीत प्लॅस्टिकच्या पुड्या. कचरा वेगळा केलेलाच होता! “गाडी येस तवय आम्ही वावरमा ऱ्हातस,” त्या म्हणाल्या. घंटागाडी साडेनऊला यायची, बाया सातलाच निंदायला जायच्या. मग संध्याकाळी दोन्ही बादल्या एकाच उकिरड्यावर.

त्या दिवशी मला जनसंपर्काचे अभ्यासक जॉन मार्स्टन यांचं १९६३ चं सूत्र खरं कळलं: संशोधन, कृती, संवाद, मूल्यमापन. परीक्षेत आपण हे चार शब्द धडाधड लिहितो, पण कृती संवादाच्या आधी का, हे स्वतःला विचारत नाही. आधी गाडीची वेळ बदलायची, मग ती लोकांना सांगायची. ग्रुनिग आणि हंट या अभ्यासकांनी १९८४ मध्ये जनसंपर्काची जी चार प्रारूपं मांडली, त्यातलं दुतर्फा सममित प्रारूपही असंच समजून घ्या: लोकांनी जेवढं बदलायचं, तेवढीच संस्थेचीही बदलायची तयारी हवी.

म्हणून आधी उद्दिष्ट लिहा, आणि ते मोजता येईल असं लिहा. ‘सहा आठवड्यांत तीनशेपैकी दोनशे घरांनी दोन्ही बादल्या गाडीत वेगवेगळ्या रिकाम्या कराव्यात.’ असं वाक्य जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

लक्ष्यगटात ‘ग्रामस्थ’ लिहू नका. मजुरीला जाणाऱ्या बाया, किराणा दुकानदार, गाडीचा चालक, सरपंच, आशाताई. प्रत्येकाची अडचण वेगळी आणि त्याच्यापर्यंत पोचायची वाटही वेगळी. माझ्या गावात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जवळपास सगळे पुरुषच होते. बायांपर्यंत निरोप पोचला तो बचत गटाच्या बैठकीतून, तोही अहिराणीत.

मूल्यमापनाला बातम्यांची कात्रणं मोजून त्यांची जाहिरातीच्या दराने किंमत काढू नका. जनसंपर्काचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी ती पद्धत साफ नाकारली आहे. एक सकाळ गाडीमागे चाला, किती बादल्या वेगळ्या रिकाम्या होतात ते मोजा. मोहिमेआधी एकदा, नंतर एकदा.

इंग्रजी संज्ञांची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. ‘स्टेकहोल्डर’पुढे मी लिहिलं होतं: निर्णयाची झळ किंवा फायदा ज्याला पोचतो तो. तोंडी परीक्षेत हेच कामी आलं.

आणि गावात जाल तेव्हा सकाळी सहाला, नळाला पाणी येतं त्या वेळी जा. आपण कोण, कशासाठी आलो ते आधी सांगा. वही पिशवीतच राहू द्या, परतीच्या एसटीत बसल्या बसल्या सगळं लिहून काढा.