छोटा हॉल, मोठं खानदान: लग्नाचे फोटो काढायचे कसे

हॉल छोटा आणि नातेवाईक भरपूर असं कळलं की पहिला प्रश्न हमखास येतो, अजून वाईड लेन्स घेऊ का? माझं मत, नका घेऊ. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, १६ एमएमला (आकडा जितका लहान तितकी लेन्स वाईड) अख्खं खानदान मावतं खरं, पण कडेला उभ्या असलेल्यांची तोंडं अशी ताणली जातात की तो फोटो ते कधीच फ्रेम करणार नाहीत. २८ किंवा ३५ वर राहा, अगदीच अडलं तर २४ (क्रॉप बॉडी, म्हणजे छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर हेच आकडे साधारण १६ ते २३), आणि जागा लेन्समधून नाही तर माणसांच्या रचनेतून काढा.

म्हणजे काय, तर रुंदी नाही ना, मग उंची आणि खोली वापरा. आजी-आजोबा खुर्चीवर, पोरं खाली बसलेली, बाकीचे मागे उभे, त्यांच्या मागे जिना किंवा स्टेजची पायरी असेल तर अजून एक रांग. खांद्याला खांदा लावून सरळ उभं करू नका, सगळ्यांना थोडं तिरकं व्हायला सांगा, एकेका रांगेत एक-दोन माणसं सहज जास्त बसतात. आणि तुम्ही स्वतः स्टुलावर चढा, वरून घेतलं की मागची डोकी पुढच्यांच्या मागे लपत नाहीत. स्टूल मात्र कोणीतरी धरून ठेवा हां, लग्नात सगळे मागेच बघत चालतात.

अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडं छिद्र, एफ ५.६ पुरतं. एफ २ वर पुढची रांग शार्प आणि मागचे काका धूसर असं होतं, ८ वर गेलात तर उजेड कमी पडून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) उगाच वाढतो आणि फोटो दाणेदार होतो. शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास, पण एलईडी लाईटमुळे फोटोत पट्टे दिसायला लागले तर ५० हर्ट्झ वीज असेल तिथे १/१०० किंवा १/५० करून बघा.

फ्लॅश सरळ तोंडावर मारू नका, पुढचे पांढरे पडतात, मागचे अंधारात जातात आणि भिंतीवर काळ्या सावल्या. छत कमी उंचीचं आणि पांढरं असेल तर छोट्या हॉलचा हा एकच फायदा समजा, फ्लॅश वर किंवा तुमच्या मागच्या भिंतीवर मारा, उजेड मऊ पसरतो. छत लाकडी किंवा रंगीत असेल तर तोच रंग चेहऱ्यांवर उतरतो, मग पांढरी भिंत शोधा.

आता खरी डोकेदुखी, माणसं गोळा करणं. ग्रुपची यादी आधीच घरच्यांकडून लिहून घ्या आणि दोन्हीकडून एकेक जण असा पकडा जो सगळ्यांना नावाने ओळखतो आणि ज्याचा आवाज मोठा आहे, कारण तुम्ही "मुलीकडचे या" म्हणालात तर निम्मे फोनवर असतात. सगळ्यात मोठा ग्रुप आधी घ्या, मग एकेक फांदी कमी करत या, शेवटी नवरा-नवरी आणि आईवडील. उलटं केलंत तर थांबून थांबून कंटाळलेले लोक निघून जातात. फक्त वयस्कर मंडळींना ताटकळत ठेवू नका, मोठा ग्रुप झाला की त्यांचे छोटे फोटो लगेच उरका.

डोळे मिटण्याचंही गणित आहे बरं का. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना त्यावर २००६ चा इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार) मिळाला. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर संख्येला ३ ने भागा, उजेड कमी असेल तर २ ने, तितके फोटो काढा, एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची चांगली शक्यता असते. पन्नास माणसांत मात्र ती आशा सोडाच. स्टुलावरून न हलता भराभर आठ-दहा फ्रेम घ्या आणि नंतर एका फोटोतलं डोकं दुसऱ्यावर बसवा, फ्रेम सारखी असली की ते काम पटकन होतं.