‘मोदक’ फॉन्टमध्ये बॅनर करताय? या चुका टाळा

गणपती जवळ आले की लालबाग-परळच्या डीटीपीवाल्यांकडे एकच फर्माईश असते: अक्षर जाडजूड पाहिजे, पुलावरून दिसलं पाहिजे. अशा वेळी माझा हात ‘मोदक’वर जातो. फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्याच ‘एक टाइप’चा हा फॉन्ट. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, धंद्याच्या कामालाही चालतो. अक्षर नावाला जागणारं, गुबगुबीत, हातानं काढल्यासारखं. आणि त्याच्या पोटात नुसती एक पांढरी फट. गडबड होते ती बहुतेक वेळा या फटीचीच.

माझी पहिली फजिती १० बाय २० फुटांच्या फ्लेक्सवर झाली. पिवळ्या अक्षरांना उठाव यावा म्हणून मी फिकट केशरी स्ट्रोक, म्हणजे अक्षराच्या कडेनं रेघ, दिला. स्क्रीनवर झूम करून बघत होतो, तेव्हा सगळं छान दिसलं. फ्लेक्स गल्लीच्या तोंडावर चढला आणि ‘श्री’चा लाडू झाला! स्ट्रोक आतही सरकतो, फटी भरून टाकतो; त्यात रंग अक्षराच्या जवळचा असला की वाचायला काही उरतच नाही. आता मी शब्दाची कॉपी मागे ठेवतो, स्ट्रोक फक्त तिला देतो, तोही गडद मरून. फट भरते, पण मरून रंगानं, म्हणजे दिसते. छापायला देण्याआधी झूम १० टक्क्यांवर आणून एकदा खुर्ची मागे सरकवून बघा.

‘बी’ बटण तर दाबूच नका. ‘मोदक’ला एकच वजन, म्हणजे एकच जाडी आहे, बोल्ड केलं की सॉफ्टवेअर नुसती सूज आणतं.

‘हार्दिक’मधली वेलांटी ‘द’च्या उजवीकडे गेली, रफार सुटला, ‘शुभेच्छा’तला ‘च्छा’ फुटला, की लोक फॉन्टला शिव्या घालतात. बिचाऱ्याचा दोष नसतो. डिझाइनच्या जुन्या इलस्ट्रेटर सॉफ्टवेअरमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमधून इंडिक ऑप्शन्स चालू करा आणि पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत देवनागरी नीट जोडणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला असेल तर आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा, नाहीतर पडद्यावर नुसता कचरा येईल. प्रेसला फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह्ज, म्हणजे नुसते आकार, करून द्या.

अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह इंग्रजी पोस्टर बघून होतो. देवनागरीत त्यानं शब्द तुटतो. ओळींमधलं अंतर मात्र सढळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर बसतो.

अक्षरकार कमल शेडगे नाटकाचं शीर्षक हातानं काढायचे ते त्या एका शब्दासाठी. फॉन्टला तुमचा शब्द आधी माहीत नसतो, म्हणून दोन-चार शब्दांच्या वर ‘मोदक’ चालवू नये असं माझं मत. पत्ता, वेळ, कार्यकारिणीची नावं ‘मुक्ता’त टाका. तोही ‘एक टाइप’चाच, सात वजनांचा. गेल्या वर्षी एका खजिनदारांनी हट्टानं सगळी वर्गणीदारांची यादी ‘मोदक’मध्ये लावून घेतली. मांडवात लोक मोबाइलचा टॉर्च लावून आपापलं नाव शोधत होते.