कुत्र्याला 'बस' शिकवण्याआधी त्याची भाषा शिका

आमचा बंड्या गावठी आहे. सोसायटीच्या पार्किंगमधे भर पावसात सापडलेलं पिल्लू, आता चार वर्षांचा घोडा झालाय. पहिल्या वर्षात मी त्याला बरंच काही शिकवलं, बस, थांब, शेकहँड, आणि तरी एक दिवस तो माझ्या पाच वर्षांच्या भाच्यावर गुरगुरला. सगळे म्हणाले अचानक गुरगुरला. मग रात्री बहिणीने काढलेला व्हिडिओ बघितला तर अचानक वगैरे काहीच नव्हतं. पोरगं त्याच्या गळ्यात पडलं होतं, बंड्याने आधी तोंड दुसरीकडे वळवलं, मग नाकावरून जीभ फिरवली, मग एक मोठ्ठी जांभई दिली, मग डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसायला लागलं, आणि आम्ही चार मोठी माणसं समोर बसून 'कित्ती गोड' करत होतो. चारदा सांगून झालं तेव्हा कुठे गुरगुरला बिचारा.

म्हणून सांगते, ट्रेनिंगच्या आधी एक आठवडा फक्त बघा. झोप आलेली नसताना जांभई, समोर खायला काही नसताना ओठ चाटणं, अंग कोरडं असताना भिजल्यासारखं झटकणं, दुसरा कुत्रा समोरून येताना उगाच जमीन हुंगत बसणं, ही सगळी 'मला जरा अवघडल्यासारखं होतंय' ची रूपं असू शकतात. एकटी जांभई बघून लगेच घाबरू नका, झोपेची पण असू शकते, आजूबाजूला काय चाललंय ते धरून अर्थ लावायचा.

शेपटीबद्दल तर सगळ्यांचा गैरसमज. हलली म्हणजे खूश असं नसतं. कमरेपासून सगळं अंग वळवळतंय, शेपूट सैल, तोंड किंचित उघडं, तर खूश. शेपूट ताठ वर, फक्त टोक भराभर हलतंय आणि अंग लाकडासारखं, तर लांब राहा. 2007 साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं होतं की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. मी आठवडाभर बंड्याच्या मागे वाकून वाकून बघत होते, मला काही कळलं नाही, वॉचमनकाका मात्र मला बघून हसत होते. आणि आपल्या गावठी कुत्र्यांची एक गंमत, अनेकांची शेपूट मुळातच गोल वळून पाठीवर बसलेली असते त्यामुळे पुस्तकातलं लॅब्रॅडोरचं चित्र इथे चालत नाही. तुमचा कुत्रा निवांत असताना त्याची शेपूट आणि कान कसे असतात ते आधी डोक्यात बसवा, मग फरक आपोआप दिसतो.

गुरगुरला म्हणून ओरडू नका, ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. गुरगुरणं म्हणजे हॉर्न आहे. हॉर्न काढून घेतला तर गाडी थांबत नाही, फक्त न सांगता येऊन धडकते. गुरगुरला की थांबायचं, त्याला जागा द्यायची, आणि नंतर शांतपणे विचार करायचा की कशामुळे झालं. आम्ही त्या दिवसापासून भाच्याला एक नियम लावला, बंड्या त्याच्या गोधडीवर असला की तिकडे जायचं नाही, बंड्याला खेळायचं असेल तर तो येईल. आता दोघं एकमेकांचे जिगरी आहेत.

आता चपलेचं बघू. मी ऑफिसातून आले, कोल्हापुरीचा अंगठा चावून टाकलेला, आणि बंड्या कान पाडून, अंग चोरून, नजर चुकवत कोपऱ्यात. आई म्हणाली बघ, कसं कळतंय त्याला चूक केली ते. मलाही तसंच वाटायचं. पण 2009 मधे अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, त्यात काही मालकांना खोटंच सांगितलं की तुमच्या कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला. मालक रागावले तर ज्या कुत्र्याने काहीच केलं नव्हतं त्याचा चेहरा पण तस्साच अपराधी. म्हणजे तो चेहरा चपलेबद्दल नाही हो, तुमच्याबद्दल आहे. दारातच तुमचा आवाज, चाल, कपाळ बघून त्याला कळतं की आज काही खरं नाही. त्यामुळे दोन तासांपूर्वीच्या चपलेसाठी झापून काय मिळतं तर घरी येणारा माणूस डेंजर असतो एवढाच धडा. शूच्या जागी नेऊन नाक घासणं हा तर शुद्ध अडाणीपणा. चप्पल कपाटात ठेवा आणि चावायला दुसरं काहीतरी द्या, संपलं.

'त्याला दाखवून दे बॉस कोण आहे' म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. ही कल्पना मुळात पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आली, 1947 च्या आसपास. मोकळ्या जंगलातला कळप म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पोरं, तिथे रोज उठून कोणी बॉसगिरी करत नाही. काकांना हो हो म्हणायचं आणि पुढे निघायचं.

वॉक. सगळ्यात जास्त नातं इथे बनतं आणि सगळ्यात जास्त इथेच बिघडतं, कारण आपल्याला चालायचं असतं आणि त्याला हुंगायचं असतं. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण 50-60 लाख आणि कुत्र्याच्या नाकात 20 कोटींच्या घरात, आणि आपण त्याला प्रत्येक खांबापासून 'चल रे' करून ओढत नेतो. म्हणजे कोणी आपल्या हातातून पेपर पहिल्याच ओळीला हिसकावून घ्यावा तसं. दिवसातून निदान एक वॉक त्याचा, पट्टा लांब ठेवा, रस्ता त्याने ठरवायचा (ट्रॅफिक सोडून), तुम्ही फोन खिशात ठेवून मागे मागे फिरा. बंड्या आमच्या गेटजवळच्या चहाच्या टपरीपाशी एका विटेला रोज चार-पाच मिनिटं देतो, त्या विटेत काय आहे देव जाणे, पण अशा वॉकनंतर तो घरी येऊन ढाराढूर झोपतो. नुसतं धावून आला की उलट आणखी उड्या मारतो.

घरात शब्द एकच ठरवा. आमच्याकडे आई 'बस रे राजा' म्हणायची, बाबा 'खाली', मी 'सिट', आणि वर सगळे म्हणायचे हा ऐकत नाही. ऐकेल कसा, तीन वेगळे शब्द! आता सगळ्यांसाठी 'बस', कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलंय. आणि शाब्बासकी मनापासून द्या, 2016 मधे बुडापेस्टला कुत्र्यांना एमआरआयमधे जागेपणीच आडवं ठेवून बघितलं होतं, कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा सूर दोन्ही जुळले तेव्हाच मेंदूतलं बक्षिसाचं केंद्र नीट उजळलं. मोबाईल बघत बघत 'गुड बॉय' म्हटलेलं त्याला बरोब्बर कळतं.

लाड करताना एक छोटी टेस्ट करत जा. छातीवर किंवा कानामागे तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. तो पुढे सरकला, डोकं हाताखाली घातलं, तर चालू ठेवा. नुसता उभा राहिला किंवा मान वळवली तर आत्ता नको. पहिल्यांदा केलं तेव्हा बंड्या चक्क उठून निघून गेला आणि मला जाम वाईट वाटलं, चार वर्षं मी त्याच्या डोक्यावर थापट्या मारतेय आणि त्याला ते आवडतच नव्हतं, छातीवर खाजवलेलं आवडत होतं.

आणि स्वभाव एकदम बदलला, हात लावू देत नाही, जिना चढत नाही, जेवण सोडलं, तर हट्टीपणा म्हणू नका, आधी व्हेटकडे न्या. दुखत असलं तरी कुत्री बरेचदा दाखवत नाहीत.

दिवाळी आली की बंड्या बाथरूममधे जाऊन बादलीमागे बसतो. आधी मी त्याला ओढून हॉलमधे आणायचे, सगळ्यांच्यात बसला तर बरं वाटेल म्हणून. त्याला नाही वाटत. आता अंधार पडायच्या आत वॉक उरकतो, पट्टा नीट घट्ट आहे ना बघतो कारण आवाजाला घाबरून कुत्री सुटून पळतात, खिडक्या बंद, टीव्ही मोठा, आणि बाथरूममधेच त्याची गोधडी टाकतो. जवळ आला तर कुरवाळा बिनधास्त, कुरवाळल्याने भीती वाढते हे खोटं आहे. गेल्या नरक चतुर्दशीला पहाटे चारलाच कोणीतरी लडी लावली आणि बंड्या आत जाऊन बसला, मग आम्ही चौघांनी दुसऱ्या छोट्या बाथरूममधे नंबर लावून अभ्यंगस्नान उरकलं, उटणं मात्र बंड्याच्याच बाथरूममधे राहिलं होतं, ते मिळालं नऊ वाजता.