इंदूरमध्ये वैमानिकाचं इंग्रजी: तयारी रेडिओपासून करा

इंदूरमधल्या आपल्या मुलांचं घरी मराठी, रस्त्यावर हिंदी. इंग्रजी उरतं ते वर्गापुरतं. म्हणून फ्लाइंग क्लबमध्ये प्रवेश घेण्याआधीच रोज अर्धा तास मोठ्याने बोलायला लागा.

सुरुवात आकड्यांपासून. रेडिओवर 3 म्हणजे ‘ट्री’, 5 ‘फाइफ’, 9 ‘नायनर’. हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा, अंशांत) 220 असेल तर ‘टू टू झीरो’. फोन नंबरासारखं ‘डबल टू’ म्हणायची आपली सवय इथे पार मोडायला हवी.

मग रीडबॅक, म्हणजे मिळालेली सूचना परत म्हणून दाखवणं. जोडीदाराने कंट्रोलर (हवाई वाहतूक नियंत्रक) बनून वाचावं: ‘डिसेंड टू ट्री टाउसंड फीट, क्यूएनएच वन झीरो वन टू.’ तुम्ही उंची आणि क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब) जसेच्या तसे परत सांगा, शेवटी कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव). नुसतं ‘रॉजर’ (संदेश मिळाला) चालत नाही. आकडा चुकीचा ऐकला असेल तर कंट्रोलरला ते कळणारच नाही. शंका आली की अंदाज बांधू नका, सरळ ‘से अगेन’ म्हणा.

पण ठरावीक वाक्यं पुरत नाहीत. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची इंग्रजीसाठीची किमान पातळी 4 आहे. उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, ओघ, आकलन, संवाद या सहांपैकी सर्वांत कमी गुण तीच तुमची पातळी. त्यामुळे पक्षी धडकला, प्रवासी बेशुद्ध पडला, असे प्रसंग स्वतःच्या साध्या इंग्रजीत सांगून रेकॉर्ड करा, आणि ऐका. वेग हवाच असं नाही, स्पष्टपणा हवा.