कम्प्लेन की कम्प्लेंट? इंग्लिश अर्ज लिहिताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आपली मराठी मिडियमची पोरं एसएसएलसीला (म्हणजे दहावीला) चांगले मार्क काढतात आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेली की एकदम सगळं इंग्लिशमधून, मग साधा रजेचा अर्ज लिहायचा म्हटलं तरी पेन अडतं. हुशारी कमी नसते हो. अर्जात, मेलमध्ये, इंटरव्ह्यूत सारखे लागणारे शब्द म्हणजे सांगणं, विचारणं, कळवणं, तक्रार करणं, आणि नेमकं तिथंच नाम आणि क्रियापदाची गल्लत होते.

का होते ते बघा. मराठीत आपण इंग्लिश नाम उचलतो आणि पुढं 'करणे' जोडतो, कम्प्लेंट केली, अनाउन्समेंट केली, झालं काम. कन्नडमध्येपण तेच, कम्प्लेंट माडिद्रु. घरात मराठी, बाजारात कन्नड, दोन्हीकडं नामावरच भागतं म्हणून तेच रूप तोंडात बसतं. इंग्लिशमध्ये मात्र बऱ्याचदा शब्दच बदलावा लागतो. 'आय वॉन्ट टु कम्प्लेंट' चूक, तिथं कम्प्लेन पाहिजे, शेवटचा टी काढायचा. 'माय कम्प्लेंट' म्हणताना तो टी परत हवा. 'प्लीज रिस्पॉन्स' तर व्हॉट्सअ‍ॅपवर सर्रास दिसतं, तिथं रिस्पॉन्ड.

सगळ्यात जास्त घोळ अ‍ॅडव्हाइसचा. नामात शेवटून दुसरं अक्षर सी आणि उच्चारात स, क्रियापदात तिथं एस आणि उच्चार जहाजातल्या ज सारखा, अ‍ॅडव्हाइज. 'थँक यू फॉर युवर अ‍ॅडव्हाइस', पण 'प्लीज अ‍ॅडव्हाइज मी'. मोबाइलचा स्पेलचेक बऱ्याचदा ही चूक पकडत नाही कारण दोन्ही स्पेलिंग खरीच आहेत, म्हणून स्वतः बघावं लागतं. आणि अ‍ॅडव्हाइसेस, इन्फर्मेशन्स असं अनेकवचन करू नका, दोन सल्ले असले तरी अ‍ॅडव्हाइसच.

अडलात की आधीचा शब्द बघा. विल, कॅन, शुड असेल तर पुढं क्रियापद, आणि माय, युवर, द असेल तर बहुतेक वेळा नाम. एवढ्यावर बरंच सुटतं.

आता हे वाक्य घ्या, मार्कांसाठी लिहिलेल्या अर्जातलं: 'आय वॉन्ट टु डिस्कस अबाउट माय मार्क्स अँड आय रिक्वेस्ट फॉर रिव्हॅल्युएशन.' शब्द सगळे बरोबर, तरी दोन चुका. डिस्कस क्रियापद असताना अबाउट लागत नाही, डिस्कशन नाम असलं की लागतं. रिक्वेस्टचं तसंच, 'माय रिक्वेस्ट फॉर रिव्हॅल्युएशन' चालतं, पण 'आय रिक्वेस्ट'च्या पुढं फॉर नको. आपल्याकडं 'मार्कांबद्दल' बोलतात ना, तो 'बद्दल' तिकडं शिरतो. 'एक्सप्लेन मी'पण 'मला समजवा'वरूनच आलंय, लिहायचं 'एक्सप्लेन इट टु मी'.

स्पेलिंगमध्ये दोन जागी जपा. एक्सप्लेनमधला आय हा एक्सप्लनेशनमध्ये गळतो. प्रनाउन्समध्ये ओ-यू आहे पण प्रनन्सिएशनमध्ये त्या जागी ओ नाही नुसता यू, म्हणून 'प्रोनाउन्सिएशन' म्हणू नका, मोठे मोठे लोक म्हणतात तरीपण.

आणि रिप्लाय, आन्सर, रिपोर्ट, कॉमेंट, कॉल यांना काहीच करायचं नसतं, नाम आणि क्रियापद एकच, फक्त भूतकाळात रिप्लायचा वाय जाऊन आय-ई-डी येतं.