झाकण कुठल्या डब्याचं?

दीड-दोन वर्षांचं बाळ स्वयंपाकघरात पायात घुटमळत असतंच, तर खालच्या कप्प्यात तीन-चार स्टीलचे डबे त्याच्यासाठीच ठेवा. झाकणं काढून समोर पसरा. मोठं झाकण लहान डब्यावर बसत नाही, घसरून खणकन पडतं, मग ते दुसरं उचलतं. लहान-मोठं हे त्याच्या हातालाच कळायला लागतं. लगेच ‘असं नाही, असं’ म्हणत पुढे होऊ नका, कितीही हात शिवशिवले तरी. नुसतं बोलत राहा: ‘बसलं का? हं, आता घट्ट बसलं!’ डब्यात भरायला बटाटे, वाट्या, चमचे द्या. शेंगदाणे, वाटाणे, हरभरे मात्र अजिबात नकोत, घशात अडकतात. आणि डब्यांच्या कडांवरून आधी स्वतःचं बोट फिरवून पाहा, धार लागत नाही ना.