इंकस्केपमध्ये फलनाचा आलेख काढताना

प्रश्नपत्रिकेत किंवा नोट्समध्ये साइनचा वक्र हवा असेल तर माउसने ओढत बसू नका. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी एक आयत काढा आणि तो निवडलेला ठेवा. त्याशिवाय फंक्शन प्लॉटर, म्हणजे सूत्रावरून आलेख काढणारं साधन, पुढे सरकतच नाही. मग एक्स्टेन्शन्स मेनूतल्या रेंडरमध्ये जाऊन हा प्लॉटर उघडा.

आयत ही आलेखाची चौकट. म्हणून तळाची आणि माथ्याची वाय किंमत नीट द्या. साइनसाठी -१ आणि १ दिलं की वक्र चौकटीत बरोबर बसतो, नाहीतर खुशाल बाहेर पळतो. कोन रेडियनमध्ये धरला जातो. एक्सची व्याप्ती २ पायने गुणण्याची खूण केली, की ० ते २ मध्ये दोन पूर्ण लाटा मिळतात.

सूत्र पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या रीतीने लिहायचं: वर्गासाठी दोन तारका आणि २. टोपीचं चिन्ह (^) चालत नाही.

टॅनजंट मात्र एका दमात काढू नका. ९० अंशांपाशी वक्र तुटतो, पण प्लॉटर दोन्ही टोकं जोडून भलतीच उभी रेघ मारतो. -१.३ ते १.३ रेडियन असा एकेक तुकडा वेगळा काढा.